कमेंटमध्ये पडलेला पेशंटचा नंबर

फोंडा, म्हापसा, डिचोली, कुडचडे, कुठल्याही लहान क्लिनिकचे फेसबुक पेज उघडून बघा. गुडघेदुखीच्या पोस्टखाली या धर्तीची कमेंट असते: ‘डॉक्टर, आईचे गुडघे फार दुखतात, वय 68, माझा नंबर अमुक, जरा फोन करा.’ क्लिनिकमधले कोणी ती वाचेपर्यंत दोन दिवस जातात. भामटा त्याआधीच वाचतो आणि फोनही करतो. ‘डॉक्टरांच्या क्लिनिकमधून बोलतोय. शनिवारी अकराची वेळ देतो, नोंदणीचे फक्त 10 रुपये, लिंक पाठवली आहे.’ आईचे गुडघे, वय, डॉक्टरांचे नाव, सगळे त्याला माहीत असते, कारण ते पेजवरच लिहिलेले असते. दहा रुपयांसाठी संशय कोण घेणार? लिंकवर कार्डाचा तपशील मागतात किंवा एपीके फाइल, म्हणजे फोनवर ऍप बसवणारी फाइल, उतरवायला लावतात. ती फाइल एसएमएस वाचण्याची परवानगी घेते, म्हणजे पुढचे ओटीपी परस्पर चोराकडे.

त्यामुळे पेजची साफसफाई कुठून सुरू करायची हे ठरवताना कर्जाच्या आणि क्रिप्टोच्या जाहिराती दुय्यम धराव्यात. त्या दिसायला घाण दिसतात, पण त्यांना फसणारे थोडे. पेशंटचा उघडा नंबर हा खरा धोका आहे आणि तो काढायला कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही, दिवसातून दोन वेळा पाच मिनिटे लागतात. सकाळची ओपीडी सुरू होण्याआधी एकदा आणि दुपारच्या सुट्टीनंतर संध्याकाळचे पेशंट यायच्या आधी एकदा. नंबर वहीत उतरवा, कमेंटखालच्या ‘मेसेज’ पर्यायातून त्या माणसाला इनबॉक्समध्ये उत्तर द्या आणि मग कमेंट डिलीट करा. ‘हाइड’ करून भागत नाही. हाइड केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांना दिसतच राहते, आणि त्या मित्रांत कोण कोण आहे ते आपल्याला ठाऊक नसते. हाइडचा उपयोग वेगळ्या जागी होतो. कटकटी माणसाला आपली कमेंट दडवली आहे हे कळत नाही, त्यामुळे तो नव्या जोमाने पुन्हा लिहायला येत नाही.

याचाच दुसरा प्रकार आणखी उद्दाम. पेशंटच्या कमेंटखाली क्लिनिकच्याच नावाचे, क्लिनिकचाच लोगो लावलेले खाते उत्तर देते: ‘कृपया या व्हॉट्सऍप नंबरवर संपर्क करा.’ तुमच्या पेजने स्वतःच्या पोस्टखाली दिलेल्या उत्तराशेजारी ‘ऑथर’ अशी खूण येते, नकली खात्याला ती मिळत नाही. पेशंटांना हे माहीत नसते, म्हणून पेजच्या माथ्यावर एक पोस्ट पिन करून ठेवावी. मजकूर एवढाच पुरे:

‘आमचा फोन नंबर एकच आहे, तो खाली दिला आहे. अपॉइंटमेंटसाठी आम्ही लिंक, क्यूआर कोड किंवा ओटीपी पाठवत नाही. फी क्लिनिकमध्येच घेतली जाते. कमेंटमध्ये आपला नंबर किंवा आजार लिहू नका, इनबॉक्समध्ये लिहा.’

हीच चार वाक्ये छापून काउंटरवर चिकटवा. आणि जे लिहिले ते पाळा. क्लिनिकच जर अधूनमधून आगाऊ पैशांसाठी व्हॉट्सऍपवर क्यूआर पाठवत असेल, तर पेशंटने खरे-खोटे ओळखावे कसे?

गाळणी लावताना

फेसबुकच्या मेनूची नावे अधूनमधून जागा बदलतात, पण ‘प्रोफेशनल डॅशबोर्ड’मध्ये ‘मॉडरेशन असिस्ट’ नावाची सोय सापडते. तिथे अटी लावता येतात: कमेंटमध्ये लिंक असेल तर दडव, लिहिणाऱ्याचा प्रोफाइल फोटो नसेल तर दडव, त्याला मित्र किंवा फॉलोअर नसतील तर दडव. लहान क्लिनिकने यातली लिंकची अट डोळे मिटून लावावी. पेशंटला कमेंटमध्ये लिंक टाकायचे कारण क्वचितच पडते. फोटो नसलेल्यांची अट मात्र आम्ही लावू नका असेच सांगू. वयस्क माणसे, विशेषतः गावाकडच्या बायका, स्वतःचा फोटो लावत नाहीत. तुमचे अर्धे खरे पेशंट त्या अटीत अडकतील आणि ‘डॉक्टर उत्तर देत नाहीत’ असे म्हणत बसतील.

याशिवाय पेजच्या सेटिंग्जमध्ये नको असलेल्या शब्दांची यादी देता येते, तब्बल 1000 शब्दांपर्यंत. इन्स्टाग्रामवर हीच सोय ‘हिडन वर्ड्स’ या नावाने आहे. गोव्यातली अडचण अशी की इथल्या पेजवर मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि कन्नडही येते. ‘लोन’ शब्द देवनागरीत घातला म्हणजे रोमीतला अडला असे होत नाही. तो वेगळा घालावा लागतो, आणि स्पॅमवाले ‘ओ’ अक्षराच्या जागी शून्य टाकतात ते रूपही घालावे लागते. यादीत काय असावे? झटपट कर्ज, क्रिप्टो, घरबसल्या नोकरी, ऑनलाइन कॅसिनो, बेटिंग, टेलिग्राम, आणि आरोग्याच्या पेजवर हमखास येणारे ते परदेशी ‘हर्बल डॉक्टर’, जे नागिणीपासून एचआयव्हीपर्यंत सगळे मुळासकट बरे करतात. शेवटचा प्रकार डिलीटच करावा. तुमच्या पेजवर तो राहिला तर वाचणाऱ्याला वाटते, डॉक्टरांनी वाचूनच ठेवला आहे.

‘फोन’, ‘नंबर’, ‘फी’, ‘व्हॉट्सऍप’ हे शब्द यादीत टाकण्याचा मोह होतो. टाकू नका, सगळे खरे प्रश्न गडप होतील. मोरजी-हरमलच्या बाजूला दवाखाना असेल तर रशियन लिपीतली कमेंट दिसताच स्पॅम समजू नका, दात दुखणारा पर्यटकही असू शकतो. यादी लावल्यावर आठवड्यातून एकदा दडवलेल्या कमेंटी चाळायच्याच. ‘दोतोर, आयज क्लिनिक उकतें आसा?’ (डॉक्टर, आज क्लिनिक उघडे आहे?) हा साधा प्रश्न कुठल्या शब्दावरून आत अडकला ते तिथेच कळते.

चवथीला पाच दिवस दवाखाना बंद असतो, पेज उघडेच असते. जाण्याआधी लोकांना पेजवर पोस्ट करण्याची परवानगी बंद करा, पेजला टॅग करण्याचा पर्यायही आवळा, इनबॉक्समध्ये बंद असल्याचा आपोआप जाणारा निरोप लावा आणि त्यात तातडीसाठी 108 हा नंबर द्या. साहेबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला आणि मे महिन्याच्या सुट्टीतही तेच.

‘तुमचे पेज 24 तासांत बंद होईल’

हा निरोप इनबॉक्समध्ये येतो, किंवा कुठल्याशा पोस्टमध्ये तुमच्या पेजला टॅग करून येतो. पाठवणाऱ्याचे नाव ‘मेटा सपोर्ट’ किंवा ‘पेज पॉलिसी सेंटर’ असे (मेटा म्हणजे फेसबुकची कंपनी), चित्र निळ्या लोगोचे. कॉपीराइटचा भंग झाला आहे, अपील करायचे तर या लिंकवर जा. लिंकवर हुबेहूब लॉगिनचे पान, त्यापुढे सहा आकडी कोड मागणारे पान. पासवर्ड आणि कोड दोन्ही त्याच क्षणी चोर वापरतो.

ओळखायला दोन मिनिटे लागतात. निरोप पाठवणाऱ्या पेजवर जा, ‘अबाउट’मध्ये ‘पेज ट्रान्स्परन्सी’ उघडा. पेज कधी बनले, आधी त्याची कोणती नावे होती आणि ते चालवणारे बहुतेक कोणत्या देशात आहेत, हे तिथे दिसते. काल बनलेले किंवा गेल्या महिन्यापर्यंत खेळण्यांचे दुकान असलेले पेज मेटाचे कार्यालय कसे असेल? खरी कारवाई झालीच असेल तर ती तुमच्या स्वतःच्या पेजच्या सेटिंग्जमध्ये, ‘पेज स्टेटस’ आणि ‘सपोर्ट इनबॉक्स’मध्ये नोंदलेली असते. तिथे काही नसेल तर निरोप खोटा.

ईमेलचे जरा वेगळे आहे. फेसबुककडून अलीकडे आलेल्या ईमेलची यादी खात्याच्या सुरक्षा विभागात दिसते, तिच्याशी ताडून बघावे. पण पत्ता खरा म्हणजे मजकूर खरा असेही धरू नका. भामटे एखाद्या बिझनेस खात्यालाच ‘मेटा सपोर्ट’सारखे नाव देतात आणि भागीदारीचे आमंत्रण पाठवतात, ते आमंत्रण फेसबुकच्याच पत्त्यावरून येते. अनोळखी आमंत्रण स्वीकारायचे नाही, एवढेच.

किल्ल्या कोणाकडे

पेजवर ‘फुल कंट्रोल’ असलेला माणूस बाकी सगळ्यांना काढू शकतो, पेजही पुसू शकतो. असा ताबा दोघांकडे असावा: डॉक्टर आणि घरातले किंवा विश्वासातले आणखी एक. एकाकडेच असला आणि त्याचे खाते गेले, तर पेज परत मिळवणे महाकठीण. रिसेप्शनिस्टला ‘टास्क ऍक्सेस’ द्यावा, त्यातही निरोप आणि कमेंटी एवढीच कामे. जाहिरातींचा ताबा नको. जाहिरात खात्याला डॉक्टरांचे कार्ड जोडलेले असते, आणि पेज चोरणाऱ्यांचा डोळा पुष्कळदा त्याच कार्डावर असतो. कार्ड जोडायचेच तर वेगळ्या, कमी शिल्लक असलेल्या बँक खात्याचे जोडा आणि जाहिरात खात्यात खर्चाची मर्यादा घाला.

दिवाळीची पोस्टर्स बनवून देणारा मुलगा, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेली रिसेप्शनिस्ट, पणजीची ती मार्केटिंग कंपनी, या सगळ्यांची नावे ‘पेज ऍक्सेस’मध्ये अजून असतात. त्यांचा हेतू वाईट नसेलही, पण त्यांचे खाते फुटले की तुमचे पेज फुटते.

दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागणारी सोय, सगळ्यांनीच लावायची, शक्यतो असा कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर ऍपने. फेसबुक दहा रिकव्हरी कोड देते, ते कागदावर उतरवून कपाटात ठेवा. काउंटरच्या संगणकाबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. लॉगिन झालेल्या ब्राउझरमध्ये एक ओळखचिठ्ठी साठलेली असते, तिला कुकी म्हणतात. ‘फुकट एआय व्हिडिओ बनवा’ म्हणणारे सॉफ्टवेअर किंवा एखादे एक्स्टेन्शन ती चिठ्ठीच उचलून नेते, आणि मग पासवर्डही लागत नाही, कोडही लागत नाही. 2023 मध्ये मेटाने स्वतः अशा प्रकारच्या डकटेल आणि नोडस्टीलर या दोन मालवेअरची माहिती जाहीर केली होती. ‘रिपोर्ट्स डॉक्टरांना दाखवा’ म्हणून अनोळखी माणसाने पाठवलेली झिप फाइल काउंटरवर उघडू नये ती यासाठीच. एक्स-रे किंवा लॅबचा रिपोर्ट हा फोटो किंवा पीडीएफ असतो.

वीस जवान आणि एक क्यूआर कोड

पेजवरून नंबर घेऊन फोन येतो. बोलणारा हिंदीत, अदबीने: ‘सैन्यातून बोलतोय, आमच्या वीस जवानांचे दात तपासायचे आहेत, एकूण बिल किती होईल? आगाऊ देतो.’ व्हॉट्सऍपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीन कार्ड. दाबोळीला नौदलाचा हवाई तळ आयएनएस हंसा, पणजीला लष्कराचे सिग्नल ट्रेनिंग सेंटर, त्यामुळे गोव्यात ही थाप चटकन पटते. पण नौदलाचे वास्कोत स्वतःचे रुग्णालय आहे, आयएनएचएस जीवंती. वीस जवानांच्या तपासणीसाठी फेसबुकवर डॉक्टर शोधायची गरज त्यांना नाही.

पुढचा डाव असा. ‘आमच्या लेखा विभागाची पद्धत आहे, आधी तुम्ही 5 रुपये पाठवा, आम्ही 10 परत करतो, मग मोठी रक्कम.’ खरोखर दहा येतात. विश्वास बसला की 10,000 चा क्यूआर येतो. किंवा ‘खाते जोडायला’ म्हणून कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागतात. नियम एकच: पैसे घेताना यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. अशा वेळी पिन टाकला की पैसे जातातच.

पैसे जास्त आल्याचा बहाणाही चालतो. ‘1,500 ऐवजी चुकून 15,000 पाठवले, बाकीचे परत करा,’ आणि फोनवर बँकेसारखा दिसणारा एसएमएस. बँकेचा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरांचे नाव असते आणि आता त्याच्या शेवटी टी, एस, पी किंवा जी यांपैकी एक अक्षर लागते. पण काउंटरवर एसएमएस वाचत बसण्यापेक्षा बँकेच्या ऍपमध्ये शिल्लक बघणे सोपे. पेशंटने दाखवलेला ‘पेमेंट झाले’चा स्क्रीनशॉटही पैसे नव्हेत. साउंडबॉक्स बोलला किंवा खात्यात दिसले तरच पावती फाडायची.

काही किरकोळ प्रकार

‘गोव्याचे सर्वोत्तम दंतवैद्य’ पुरस्कार, नोंदणी शुल्क भरा: उत्तर न देता ब्लॉक करा. दहा हजार फॉलोअर विकत: फॉलोअर बनावट, पोस्ट खऱ्या पेशंटांपर्यंत पोचणे उलट कमी होते, आणि 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करण्याला मनाई आहे हेही ध्यानात असावे. नामवंत हृदयरोगतज्ज्ञांच्या तोंडी घातलेले बनावट औषधांचे व्हिडिओ कोणी कमेंटमध्ये टाकले तर डिलीट करा.

एकाच रात्रीत पाच एक-तारांकित अभिप्राय आणि सकाळी ‘काढून टाकायचे असतील तर इतके द्या’ असा निरोप, ही खंडणी आहे. पैसे दिले की पुढच्या महिन्यात पुन्हा. खंडणीच्या निरोपाचे स्क्रीनशॉट ठेवा आणि अभिप्राय तिथल्या तिथे रिपोर्ट करा. गुगल मॅपवर तुमचा फोन नंबरही कोणी बदल सुचवून फिरवू शकतो, तो महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून शोधून बघा. मात्र खरोखर रागावलेला पेशंट स्पॅम नव्हे. त्याला उत्तर देताना ‘तुम्ही 12 तारखेला रूट कॅनलला आला होता’ असे लिहिले की गोपनीयता तुम्हीच मोडली. ‘कृपया क्लिनिकमध्ये फोन करा, आम्ही ऐकून घेऊ’ इतकेच लिहावे.

नकली पेज निघाले, किंवा खरे गेले

नकली पेज दिसताच रिपोर्ट करण्याची घाई होते. आधी पुरावा. पेजची लिंक कॉपी करा, ‘पेज ट्रान्स्परन्सी’चा आणि पैसे मागणाऱ्या निरोपांचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. पेज एकदा उडाले की पोलिसांना दाखवायला काहीच उरत नाही. मग तीन टिंबांच्या मेनूतून रिपोर्ट, कारण ‘दुसऱ्याचे सोंग’. मित्रमंडळींना शंभर रिपोर्ट करायला लावण्यापेक्षा ज्याचे सोंग घेतले त्या डॉक्टरांनी स्वतःच्या खात्यावरून, ओळखपत्रासह केलेला एक रिपोर्ट कामाचा. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तो नेमणे बंधनकारक आहे. त्याच्या निर्णयावर 30 दिवसांत सरकारी अपील समितीकडे जाता येते. पोलिसांकडे गेल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66सी आणि 66डी ही कलमे लागतात, ओळख चोरणे आणि सोंग घेऊन फसवणे. रायबंदरला सायबर गुन्हे पोलीस ठाणे आहे.

स्वतःचेच पेज गेले तर क्रम चुकवू नका. आधी ईमेलचा पासवर्ड, कारण फेसबुकचा बदललेला पासवर्ड चोर ईमेलमधूनच पुन्हा बदलतो. मग बँकेला फोन करून कार्ड बंद. मग फेसबुक डॉट कॉमपुढे तिरकी रेघ देऊन ‘हॅक्ड’ लिहिल्यावर उघडणाऱ्या पानावरून खाते परत घेणे. आत गेल्यावर सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट, नाहीतर चोरलेली कुकी चालूच राहते. त्यानंतर अनोळखी ताबेदार आणि चालू जाहिराती काढा. संसर्ग झालेल्या संगणकावरून यातले काहीही करू नका.

आणि एक दिवस पेशंट काउंटरवर येईल: ‘तुमच्या माणसाला पैसे पाठवले होते.’ रिसेप्शनिस्टने ‘तो आमचा नंबर नाही’ म्हणून विषय संपवू नये. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उड्या मारत असतात, मधेच गोठवायचे तर वेळ मिनिटांत मोजावा लागतो. त्याला खुर्ची द्या आणि तिथूनच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावून द्या. हाताशी ठेवायचे: बँकेचे नाव, रक्कम, नेमकी वेळ, समोरच्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, जो ऍपच्या व्यवहारतपशिलात असतो. मिळालेला पोच क्रमांक लिहून घ्या, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करायला मदत करा. एपीके उतरवली असेल तर फोन विमान मोडवर टाकून फाइल काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. तो गेल्यावर वहीत बघा, त्याची कमेंट पेजवर किती दिवस होती.